लडाखचा हिवाळी पालक : एका सरकारी प्रयत्नाचा इतिहास

आपल्याकडे शासनाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा कायद्यांचा, योजनांचा, धरणांचा आणि युद्धांचा. भाजीपाल्याचा इतिहास लिहिण्याची प्रथा नाही. तथापि, सरकार एखाद्या दुर्गम मुलखापर्यंत खरोखर किती पोहोचले हे पाहायचे असेल, तर तेथील माणसाच्या ताटात फेब्रुवारी महिन्यात काय असते हे पाहावे, असे माझे मत झाले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दौऱ्यावर गेलेल्या अधिकाऱ्याला सगळीकडे हिरवेगार दिसते आणि त्याचा अहवालही तसाच हिरवागार होतो. फेब्रुवारी मात्र खोटे बोलत नाही.

या लेखाचा विषय आहे लडाखमधील हरितगृहे. पुणे, नाशिक किंवा सांगली भागातील वाचकांना पॉलीहाऊस नवीन नाही. तळेगाव दाभाड्याच्या पॉलीहाऊसमधले गुलाब परदेशी जातात हेही आपल्याला ठाऊक आहे. पण तेथे पिकाला जपायचे असते ते ऊन, पाऊस आणि कीड यांपासून. लडाखमध्ये हेतू अगदी वेगळा. बाहेर उणे वीस अंश सेल्सियस असताना, कोणताही शेगडी-बंब न पेटवता, कोळसा, रॉकेल किंवा वीज न वापरता, केवळ उन्हाच्या बळावर पालक, मेथी, कोथिंबीर पिकवायची. ऐकताना हे अशक्य वाटते. ते शक्य कसे झाले, कोणी केले, आणि त्यात आम्हा शासकीय मंडळींचे काय चुकले, हा सारा इतिहास उद्बोधक आहे.

थंडी उंचीची, ऊन अक्षांशाचे

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. वर्षभरात तेथे पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडते, म्हणजे महाबळेश्वरला आषाढातल्या एखाद्या दिवशी पडावे तेवढेच. जानेवारीत रात्रीचा पारा उणे १५ पर्यंत सहज उतरतो, काही रात्री उणे २० च्याही खाली जातो. द्रासला तर त्याहून अधिक. श्रीनगरकडून येणारा रस्ता जोझिला खिंडीत आणि मनालीकडून येणारा रस्ता रोहतांग, बारालाचा व तांगलांग या खिंडींत अडत असे. नोव्हेंबरमध्ये बंद झालेली वाट कित्येकदा मे महिन्यात उघडे. म्हणजे वर्षातील पाच-सहा महिने हा प्रदेश उर्वरित देशापासून तुटलेला.

परंतु नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. लेह ३४ उत्तर अक्षांशावर आहे, साधारण श्रीनगरच्या रेषेत. तेथील थंडी ही उंचीमुळे आलेली आहे, ध्रुवाच्या जवळिकीमुळे नव्हे. २१ डिसेंबर या सर्वांत लहान दिवशीही लेहचा दिवस दहा तासांना अवघी काही मिनिटे कमी असतो आणि मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ३२ अंश वर येतो. त्याच दिवशी पॅरिसमध्ये दिवस सव्वाआठ तासांचा, आणि सूर्य १८ अंशही वर चढत नाही. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, असा थंड प्रदेशातील बागाइतदारांचा ठोकताळा आहे. पॅरिसमध्ये हा थांबलेला काळ तीन महिन्यांहून अधिक, लेहमध्ये अवघा पाच-सहा आठवडे. शिवाय हवा विरळ, कोरडी आणि आकाश बहुतेक दिवस निरभ्र. म्हणजे लडाखमध्ये हिवाळ्यात उणीव उन्हाची नाही. दिवसा मिळालेली ऊब रात्री टिकवून धरण्याच्या साधनाची आहे. प्रश्नाची अशी फोड झाली, की अर्धे उत्तर सापडल्यासारखेच असते. पण ती व्हायला बराच काळ जावा लागला.

पूर्वीचा हिवाळा

पारंपरिक लडाखी शेती एका हंगामाची. हिमनद्यांच्या पाण्यावर उन्हाळ्यात जव पिकवायचा, सखल भागात थोडा गहू, वाटाणा, सलगम, मुळा. जर्दाळू सुकवून ठेवायचे. सलगम, मुळा आणि नंतर बटाटा जमिनीखालच्या खड्ड्यांत साठवायचा, पाने सावलीत वाळवायची. हिवाळ्याचा आहार म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, वाळवलेले चीज, सुके मांस, लोणी घातलेला खारा चहा. या आहाराने माणसे शतकानुशतके जगली, त्यात तुच्छ लेखण्याजोगे काही नाही. पण हिरवा पाला मात्र चार-सहा महिने दृष्टीस पडत नसे, आणि त्याची किंमत गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना अधिक मोजावी लागे.

नव्या भाज्यांची ओळख प्रथम झाली ती मोरावियन मिशनऱ्यांमुळे. हे जर्मन धर्मप्रसारक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लाहौलमधील केलाँग येथे स्थायिक झाले आणि १८८५ साली त्यांनी लेहमध्ये ठाणे उघडले. धर्मप्रसारात त्यांना फारसे यश आले नाही. बटाट्याला मात्र उदंड आले. तरीही या भाज्या उन्हाळ्याच्याच राहिल्या.

थंडीत भाजी पिकवण्याची युरोपीय विद्या त्या काळी पुष्कळ प्रगत होती. रोमन सम्राट तिबेरिअसला बारमाही काकडी हवी असे, म्हणून चाकांवरचे वाफे पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांनी झाकीत, असे प्लिनीने नोंदवले आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी काचेच्या घंटांखाली भर हिवाळ्यात सॅलडची पाने पिकवीत. त्यांच्या वाफ्यांखाली शहरातील घोड्यांच्या ताज्या लिदीचा जाड थर असे आणि ती कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर पीक वाढे. पुढे रस्त्यांवरचे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि ती शेतीही ओसरली.

लडाखमध्ये ही विद्या जशीच्या तशी नेण्यात मूलभूत अडचण होती. तेथे शेण ही चुलीची संपत्ती. झाडे म्हणजे पाण्याकाठी जपून वाढवलेले पॉप्लर आणि विलो, आणि तीही घराच्या छतासाठी राखलेली. जेथे माणसांच्या शेकोटीला इंधन पुरत नाही तेथे पालकाच्या शेकोटीला ते कोण देणार? म्हणून लडाखचे हरितगृह व्हायचे तर ते विनाइंधनाचेच व्हायला हवे होते.

सैन्याची गरज

भारत सरकारचे या प्रश्नाकडे लक्ष वळले ते लष्करी कारणाने, हे मान्य करायला हवे. १९४८ च्या हिवाळ्यात मेजर पृथीचंद यांची छोटी तुकडी बर्फातून जोझिला ओलांडून लेहला पोहोचली. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने सिंधूकाठी धावपट्टी तयार करवून घेतली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन त्या धावपट्टीवर पहिले डकोटा विमान उतरवले. त्या दिवसापासून लडाखचा पुरवठा आणि विमान यांचे नाते जुळले, ते आजतागायत. १९६२ च्या सुमारास श्रीनगर-लेह मोटाररस्ता झाला. पण तो उन्हाळ्यापुरता. १९६२ च्या युद्धानंतर मोठे सैन्य तेथे कायमचे राहू लागले, १९८४ पासून त्यात सियाचेनची भर पडली. उन्हाळ्यातच हिवाळ्याची बेगमी करून ठेवायची आणि ताजी भाजी चंदीगडहून विमानाने न्यायची, अशी व्यवस्था बसली. विमानात कोबी नेण्याचा खर्च कोबीच्या किमतीच्या कैक पट, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पंडित नेहरूंनी लडाखमध्ये शेती वाढवण्याची कामगिरी अल्मोड्याच्या विवेकानंद प्रयोगशाळेचे संस्थापक बोशी सेन यांच्याकडे सोपवली. बोशी सेन हे जगदीशचंद्र बोस यांचे शिष्य. १९२४ साली कोलकात्यात घरातील एका लहानशा खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि १९३६ मध्ये ती अल्मोड्याला हलवली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकाच्या आरंभी लेहमध्ये जे संशोधन केंद्र उभे राहिले, ते पुढे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची फील्ड रिसर्च लॅबोरेटरी म्हणून ओळखले गेले. डिहार, म्हणजे डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ हाय अल्टिट्यूड रिसर्च, हे तिचे आजचे नाव. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने क्षेपणास्त्रांऐवजी फ्लॉवर आणि मुळ्याच्या वाणांच्या चाचण्या घ्याव्यात, याचे दिल्लीत अनेकांना हसू येते. मला त्यात शासनाचे शहाणपण दिसते. ज्या खात्याला विमानभाड्याचे बिल भरावे लागत होते, त्याच खात्याला पर्याय शोधण्याचे कामही दिले गेले. खर्च सोसणारा आणि उपाय शोधणारा एकच असला म्हणजे उपाय सापडण्याची शक्यता वाढते.

खंदक आणि भिंत

दुसरी कडी प्लास्टिकची. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट यांनी १९४८ साली काचेऐवजी पारदर्शक पातळ पडदा वापरून पहिले स्वस्त हरितगृह उभारले. काच जोझिलापलीकडे सुखरूप नेणे म्हणजे दिव्य. पॉलिथिनची गुंडाळी मात्र खेचराच्या पाठीवरूनही जाते. पण साधे पॉलिथिन लडाखच्या तीव्र अतिनील किरणांत लवकरच ठिसूळ होऊन फाटते. अतिनील किरणांना टिकाव धरणारे, काही वर्षे चालणारे पॉलिथिन मिळू लागले तेव्हाच या कामाला खरा आधार लाभला. भारत सरकारने १९८१ साली शेतीतील प्लास्टिकच्या वापरासाठी राष्ट्रीय समिती नेमली. पुढे फलोत्पादनाच्या योजनांमधून हरितगृहांना देशभर अनुदान मिळू लागले. २००३-०४ पासून हिमालयीन राज्यांसाठीच्या फलोत्पादन तंत्रज्ञान अभियानात जम्मू-काश्मीरचाही समावेश झाला.

लेहच्या प्रयोगशाळेने रुजवलेले सर्वांत सोपे साधन म्हणजे खंदक हरितगृह. साधारण ३० फूट लांब, १० फूट रुंद आणि ३ फूट खोल खड्डा खणायचा. कडेने दगड-मातीचा आधार द्यायचा, वर पॉप्लरच्या दांड्या आडव्या टाकायच्या आणि त्यांवर पॉलिथिन पसरून कडा मातीने दाबायच्या. रात्री वर दुसरे आवरण घालायचे. वाऱ्याचा मारा नाही, बाजूच्या भिंतींचा खर्च नाही. आणि जमीन खोलवर बाहेरच्या हवेइतकी थंड होत नसल्याने तिची थोडी ऊब मिळते. सलगम जमिनीत पुरून ठेवणाऱ्या लडाखी शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. जुन्या साठवणीच्या खड्ड्यालाच जणू पारदर्शक झाकण लागले.

याची मर्यादा अशी, की डिसेंबरचा कललेला सूर्य खड्ड्याच्या तळापर्यंत पुरेसा पोहोचत नाही, दक्षिणेच्या कडेची सावली वाफ्यावर पडते. त्यावर उत्तर म्हणून दुसरा प्रकार पुढे आला. जेरेस ही फ्रेंच संस्था, १९८३ साली स्थापन झालेला लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुप, लडाख एन्व्हायर्नमेंट अँड हेल्थ ऑर्गनायझेशन अशा स्थानिक संस्था आणि गावोगावचे गवंडी व सुतार यांनी मिळून सुधारित सौर हरितगृहाचा आराखडा घडवला. २००९ साली या कामाला ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला.

आराखडा साधा पण विचारपूर्वक केलेला. इमारत पूर्व-पश्चिम लांब, पॉलिथिनची उतरती बाजू दक्षिणेला. उत्तरेची भिंत कच्च्या विटांची, दुहेरी, आणि मधल्या पोकळीत गवत किंवा भुसा ठासलेला. आतल्या बाजूने ती काळी रंगवलेली. उत्तरेकडचे अर्धे छप्पर पॉप्लरच्या वाशांचे, विलोच्या काटक्यांचे आणि गवत-मातीचे. दिवसा कललेले ऊन थेट काळ्या भिंतीवर पडते, भिंत तापते. सूर्य मावळल्यावर तीच ऊब ती रात्रभर हळूहळू परत करते. पॉलिथिनच्या आतून पडदा सोडला की ती आकाशात उडून जात नाही. कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमीन रात्री फार वेगाने निवते, म्हणून या पडद्याला मोठे महत्त्व. तो सोडायला एक संध्याकाळ विसरली, की महिन्याभराचे पीक गेले म्हणून समजावे.

आत पिकते काय, याविषयी गैरसमज नको. भर हिवाळ्यात टोमॅटो किंवा काकडी येत नाही. येतात त्या थंडी सोसणाऱ्या पालेभाज्या: पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस, कांद्याची आणि लसणीची पात. थंडी वाढू लागली की पालकासारखे झाड आपल्या पेशींत साखर साठवते आणि त्यामुळे पेशीतील पाणी सहज गोठत नाही. पहाटे पाने काचेसारखी कडक दिसतात. त्या वेळी हात लावला तर ती काळी पडतात. दहा-अकराच्या उन्हात ती आपोआप सैल होऊन उभी राहतात. म्हणून कापणी दुपारनंतर. पाणीही दुपारीच आणि अगदी बेताने, कारण ओल्या मातीत रात्री बर्फ धरतो. बी मात्र सप्टेंबरात पडायला हवे, म्हणजे डिसेंबरच्या मंद आठवड्यांपूर्वी रोप अंगाने भरते. त्या आठवड्यांत ते वाढत नाही, नुसते तग धरते आणि जानेवारीच्या मध्यानंतर पुन्हा पाने देऊ लागते. मार्चनंतर याच जागेत कोबी, फ्लॉवर, टोमॅटोची रोपे तयार होतात, आणि उघड्या शेतातला छोटा उन्हाळा तीन-चार आठवड्यांनी लांबल्यासारखा होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फायदा हिवाळी भाजीइतकाच मोलाचा आहे.

माझी एक टिप्पणी

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका योजनेच्या छाननीचे काम माझ्याकडे होते. थंड प्रदेशातील हरितगृहांच्या अनुदानाचा प्रगती-अहवाल समोर आला. लक्ष्य गाठलेले, रक्कम पूर्ण खर्च झालेली, उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेले. मी टिप्पणी लिहिली: ‘भौतिक व आर्थिक लक्ष्यपूर्ती समाधानकारक. पुढील हप्ता मुक्त करण्यास हरकत नाही.’ त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, नियमाचीही नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी लेहला जाणे झाले. हाताशी एक रिकामा दिवस होता, म्हणून जवळच्या एका गावात गेलो. अहवालातली पाच हरितगृहे तेथे होती. आकडा खोटा नव्हता. दोन उत्तम चालू होती. एकात पॉलिथिन फाटलेले, आत बकऱ्या. एकात गवताचा साठा. पाचवे कोरे करकरीत, पण लांबी उत्तर-दक्षिण. कारण विचारले तेव्हा कळले, की कंत्राटदाराने ते रस्त्याला समांतर बांधले होते. योजनेच्या नावाचा फलक येणाऱ्याजाणाऱ्यांना नीट दिसावा ही सूचना वरून होती. सूर्याविषयी मात्र वरून काहीच सूचना नव्हती.

जेथे बकऱ्या होत्या त्या घरची आजी, तिला सारे आमा-ले म्हणत, आमच्यापुढे चहा ठेवून बसली. बरोबरचा तरुण तिचे बोलणे हिंदीत सांगत होता. मी विचारले, पॉलिथिन बदलले का नाही? ती म्हणाली, ‘सर, घर बांधायला तुम्ही पैसे दिलेत. कापड बदलायला देणार का म्हणून दोनदा विचारले. साहेब म्हणाले, ज्याला एकदा मिळाले त्याला पुन्हा नाही. नवीन बांधायचे असेल तर अर्ज करा. नवीन कशाला? भिंत माझी चांगली आहे.’

मला उत्तर देता आले नाही, कारण तो नियम मी वाचलेला होता. नवीन बांधकामाला अनुदान, दुरुस्तीला नाही. हरितगृहाची मातीची भिंत कितीतरी वर्षे टिकते. पॉलिथिन काही वर्षांतच बदलावे लागते. म्हणजे जो भाग टिकाऊ त्यासाठी सरकार पैसा देत होते आणि जो झिजणारा त्यासाठी नाही. अर्थशास्त्रात घसारा शिकवला जातो. मी तो शिकलोही होतो, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण टिप्पणी लिहिताना तो आठवला नाही. निघताना तिने शेजारच्या चालू हरितगृहातून कोथिंबिरीची एक जुडी आणवून माझ्या हातात दिली. बाहेर सगळे पांढरे आणि करडे, हातात ती हिरवी जुडी. ती माझ्या समाधानकारक शेऱ्यावरची टीकाच होती असे मला वाटले, तिच्या मनात तसे काही नसले तरी.

काय शिकावे

लडाखच्या या अनुभवातून मला चार गोष्टी दिसतात.

१. मोजायचे काय, हे आधी ठरवावे. किती हरितगृहे बांधली यापेक्षा, किती हरितगृहांत १५ फेब्रुवारीला पीक उभे होते, हा आकडा मागवला असता तर सगळी यंत्रणा वेगळी वागली असती. पाहणीचा महिना हा पाहणीच्या प्रपत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

२. अनुदान जेथे झीज आहे तेथे पोहोचले पाहिजे. बांधकामाचे एकदाच मोठे अनुदान देण्याऐवजी गावच्या सहकारी संस्थेत किंवा महिला गटाकडे पॉलिथिनचा साठा आणि त्यासाठी फिरता निधी ठेवणे स्वस्त आणि परिणामकारक ठरते.

३. स्थानिक गवंड्याला आणि सुताराला शिकवलेले काम टिकते. बाहेरून आणलेल्या लोखंडी सांगाड्याचे सुटे भाग हिवाळ्यात मिळत नाहीत. भिंत, वासे आणि गवत ही गावची, पॉलिथिन तेवढे बाहेरचे, ही विभागणी अनुभवाने योग्य ठरली आहे.

४. या शेतीचे श्रम बहुतांश स्त्रियांचे आहेत. पडदा सोडणे, पाणी घालणे, कापणी, बाजारात विक्री हे सारे त्या करतात. अर्ज आणि बँक-खाते मात्र बहुधा जमिनीच्या मालकाच्या नावावर असते. आणि ज्यांच्याकडे घराजवळ जमीनच नाही, किंवा जे चांगथांगमध्ये पश्मिना बकऱ्यांमागे फिरतात, त्यांच्यापर्यंत वैयक्तिक अनुदान पोहोचत नाही. शाळा आणि वसतिगृहे यांना जोडलेली हरितगृहे हा त्यावरचा एक बरा मार्ग आहे, कारण भटक्या कुटुंबांची मुले हिवाळ्यात तेथेच असतात.

रस्ता उघडला, पुढे काय?

आता परिस्थिती झपाट्याने बदलत आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाला. जोझिलाखालून बोगदा खोदला जात आहे. खिंडीतला बर्फ काढण्याची क्षमता इतकी वाढली, की २०२४ आणि २०२५ साली जोझिलाचा रस्ता महिना-सव्वा महिनाच बंद राहिला. पूर्वीच्या पाच-सहा महिन्यांशी तुलना केली तर ही क्रांतीच म्हणावी लागेल. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख केंद्रशासित प्रदेश आहे, आणि २०२० च्या सीमासंघर्षानंतर तेथील हिवाळी सैन्यसंख्याही पुष्कळ वाढली.

मग प्रश्न असा, की बारमाही रस्त्यावरून मैदानातली स्वस्त भाजी येऊ लागल्यावर ही हरितगृहे हवीत कशाला? माझ्या काही अर्थशास्त्री मित्रांचे उत्तर तयार आहे: तुलनात्मक लाभाचा सिद्धांत पाहा, लडाखने जर्दाळू विकावेत आणि पालक विकत घ्यावा. हे उत्तर पुस्तकात बरोबर आहे. पण पुस्तकात हिमस्खलन होत नाही, ढगफुटीने पूल वाहून जात नाहीत आणि सीमेवर तणाव निर्माण होत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहने ढगफुटी पाहिली आहे. विम्याचा हप्ता भरताना आपण यंदा अपघात झाला नाही म्हणून तो वाया गेला असे म्हणत नाही. गावागावातला हिरवा वाफा हा तशाच प्रकारचा हप्ता आहे. फरक एवढाच, की हा हप्ता भरणाऱ्याला दर आठवड्याला भाजीही मिळते.

त्याचबरोबर, केवळ भावनेपोटी ही हरितगृहे टिकवा असेही मी म्हणणार नाही. रस्ता उघडल्यावर जी टिकतील ती खरी. कोथिंबीर, मेथी, पालक या ताज्या हव्या असलेल्या, दूरच्या प्रवासात सुकणाऱ्या भाज्या गावातच परवडतील. कांदा-बटाट्याच्या आणि कोबीच्या बाबतीत ट्रक जिंकेल. वसंतातील रोपवाटिका टिकेल. सैन्याची खरेदी स्थानिक सहकारी संस्थांमार्फत निश्चित कराराने होत राहिली तर उत्पादकाला भरवसा राहील. जे टिकणार नाही ते अनुदानाच्या सलाईनवर ठेवण्यात अर्थ नाही. पण जे टिकू शकते ते पॉलिथिनच्या एका तुकड्यावाचून मरू देणे हा निव्वळ करंटेपणा आहे.

दिल्ली, बंगळूर, कोलकाता किंवा त्याहून दूर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना घराबाहेरच्या हिवाळ्यात मेथीची जुडी मिळाली की काय वाटते, हे मी वेगळे सांगायला नको. लडाखी माणसाला ती घरातच मिळत नव्हती. आता पुष्कळ घरांत मिळते. त्यासाठी एका वैज्ञानिकाची दृष्टी, एका प्रयोगशाळेची चिकाटी, काही संस्थांचे परिश्रम, गवंड्यांचे हात आणि असंख्य आमा-लेंच्या हिवाळी संध्याकाळी खर्ची पडल्या आहेत. आम्ही सरकारी माणसांनी त्यात भर घातली ती पैशांची, आणि कधी कधी अडथळ्यांची.

दिल्लीत परतल्यावर दुरुस्तीच्या खर्चासाठी तरतूद करावी अशी टिप्पणी मी पाठवली. ती तीन टेबलांवरून फिरून ‘पुढील वर्षी विचार करावा’ असा शेरा घेऊन परत आली. पुढील वर्षी मी दुसऱ्या विभागात होतो. त्या फाइलीचे पुढे काय झाले हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता, पण त्या भिंतीचे काय झाले हे विचारण्याचा होता. बरोबर आलेल्या तरुणाकडून कळले, की गावातील स्त्रियांच्या गटाने वर्गणी काढून एकत्र पॉलिथिन मागवले, आणि बकऱ्यांना त्यांच्या जुन्या जागी परत जावे लागले.